शशिकलाबाईंची यादी

मिसरोद, भोपाळ
४ ऑगस्ट २०२४

प्रिय अलकाआत्या,

साष्टांग नमस्कार. यापुढे काही महिने साष्टांग जमणार नाही, म्हणून आत्ताच घालून ठेवते. कळलं ना? तिसरा महिना संपत आलाय.

फोनवर सांगितलं नाही, कारण आमच्याकडे फोन म्हणजे गल्लीतला नळ, सगळ्यांचाच. तुषार सवयीने स्पीकर लावतो आणि सासूबाई तिथेच भाजी निवडत बसलेल्या असतात. तू तर फोनवरही सभेतल्यासारखी बोलतेस. म्हणून पत्र. तूही लिही, पण शाळेच्या पत्त्यावर. पाकिटामागे लिहिलाय.

आई जपतात गं. सकाळी सहाला माझ्या आधी उठून डबा करतात, पायरीवर पाणी सांडलं तर स्वतः पुसतात. पण एक यादी झाली आहे. काय खायचं नाही त्याची. पपई, अननस, तीळ, हे तर सगळेच सांगतात. पण पुढे बघ: कढी नाही, हिरवा वाटाणा नाही, सांबारवडी नाही, साखरभात नाही. कारण विचारलं की म्हणतात, "नाही म्हटलं ना, नाही." तुषारला विचारलं तर म्हणतो, "मम्मी का फंडा है यार, छोड़ ना." आणि डोहाळजेवण करायचंच नाही, असंही सांगून टाकलंय.

मग उरतं काय? पोळी, दुधी, मुगाचं वरण. आणि चहा. चहा यादीत नाही, नशीब माझं.

माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अशा वेळी आई काय सांगते ते मला माहीत नाही. मला जे काही माहीत आहे ते तूच सांगितलेलं आहे. तर हेही तूच सांग.

तुझी
शर्वरी


अमरावती
११ ऑगस्ट २०२४

शर्वरी,

पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि घरात तीन फेऱ्या मारल्या. आनंद झाला की मला बसवत नाही, तुला माहीत आहे. खूप आनंद झाला, पोरी.

आता यादीकडे वळते. एकतीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं गावोगावी उभी राहून ओरडले, की बाईच्या ताटावर पहारा ठेवणारा समाज तिच्या पोटातल्या जिवाची काळजी करत नसतो, तो फक्त पहाऱ्याची हौस भागवत असतो. कुणाही गरोदर बाईला विचार, तिला दहा जणांनी सांगितलेलं असतं की हे खाऊ नकोस. "आज पोटभर जेवलीस का" हे किती जण विचारतात? आपल्या देशात गरोदर बायका पपईने मरत नाहीत, रक्त कमी असल्याने मरतात. पण रक्ताचं भय कुणाला वाटत नाही, पपईचं वाटतं.

टाळायचंच असेल तर कच्चं दूध टाळ, अर्धवट शिजलेलं अंडं आणि मांस टाळ, न धुतलेली भाजी टाळ. कच्च्या पपईचा चीक टाळावा, एवढं त्या भीतीत तथ्य आहे. पिकलेली पपई खुशाल खा. अननस खा, तीळ खा. आणि हिरव्या वाटाण्याने काय पाप केलं गं? कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीने कुणाचा खून केला? साखरभात खाऊन बाई दगावल्याची नोंद कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे, ते तुझ्या शशिकलाबाईंनी मला दाखवावं, मी त्यांच्या पाया पडेन. कढी! म्हणजे दही आणि बेसन!

डोहाळजेवण नको म्हणाल्या, ते मात्र मला आवडलं. हिरव्या साड्या, फुलांच्या वाड्या, झोपाळा, सगळा दिखावा. एवढा एक आधुनिक विचार त्यांच्या डोक्यात कुठून शिरला कोण जाणे.

घाबरू नकोस. पुढच्या रविवारी बाजारात जा आणि पपई विकत घे. पहिलं पाऊल जिभेने टाकावं.

तुझी
अलकाआत्या


मिसरोद, भोपाळ
६ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि इतकी हसले की विनिताने विचारलं, "क्या हुआ मॅडम, लॉटरी लगी क्या?" तिला वाचून दाखवलं. तिला मराठी अर्धीच कळते, पण सांबारवडीच्या खुनाला तीही हसली.

घरी मात्र काहीच बोलता आलं नाही. एकदा म्हटलं, "आई, वाटाणे तर पौष्टिक असतात." त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रागाने नाही. कसं ते सांगता येत नाही. मी ताटं मांडायला लागले. तू असतीस तर बोलली असतीस. मला तुझ्याशी वाद घालून जिंकता येत नाही आणि त्यांच्याशी वाद सुरूच करता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थोडं कमी आहे म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. बाकी सगळं ठीक.

ता. क. एक विचारायचं होतं. विनिताच्या बहिणीला दिवस गेलेत आणि तिला पाटीवर लिहायच्या पेन्सिली खाव्याशा वाटतात. इथे त्यांना बत्ती म्हणतात. दिवसाला चार-पाच खाते म्हणे. त्याने काही होतं का? तिला घरी सांगायची लाज वाटते.

तुझी
शर्वरी


अमरावती
१५ सप्टेंबर २०२४

शर्वरी,

आधी विनिताच्या बहिणीचं. माती, खडू, पेन्सिल खावंसं वाटणं हे बहुतेक वेळा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. तिला सांग की लाज सोड, पेन्सिल सोड, आणि उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. असल्या गोष्टींना डोहाळे म्हणून गोंजारणाऱ्यांनी बायकांचं फार नुकसान केलं आहे.

आता माझी बातमी ऐक. परवा इथल्या एका महाविद्यालयात माझं व्याख्यान झालं. सभागृहात चारशे मुली, उभं राहायला जागा नाही. विषय होता गरोदर बाईचा आहार. मी तुझ्या सासूबाईंची यादी वाचून दाखवली. नाव घेतलं नाही, "भोपाळच्या एका सासूबाई" एवढंच म्हटलं. पपईवर हशा पिकला, वाटाण्याला टाळ्या पडल्या, आणि साखरभाताला तर दोन मिनिटं मला पुढे बोलताच येईना. एक प्राध्यापक डोळे पुसत होते. शेवटी मी म्हटलं, "मुलींनो, या यादीला हसलात, आता घरी जाऊन आपापली यादी फाडा." सगळी सभा उभी राहिली.

चाळीस वर्षांत इतकं चांगलं व्याख्यान माझ्याकडून झालं नव्हतं. आणि ते तुझ्यामुळे झालं.

पपई खाल्लीस का?

आत्या


मिसरोद, भोपाळ
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला. कसं लिहावं ते कळत नव्हतं.

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ आमच्या घरी आला. आईंची बहीण, नागपूरच्या सिंधूमावशी, त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "आपल्या शर्वरीची आत्या, काय बोलते!" त्यांना यादीचं काही माहीत नव्हतं, कौतुकाने टाकला. तुषारने तो हॉलमधल्या टीव्हीवर लावला, सगळ्यांनी बघायला. आईंनी चष्मा लावला आणि पदर सावरून बसल्या. कुणी पाहुणा समोर असावा तशा.

पपईपर्यंत आम्ही सगळे बघत होतो. वाटाण्याला तुषार हसला. मग त्याला कळलं आणि तो रिमोट शोधायला लागला. रिमोट सापडेना. साखरभातावर ते सगळे लोक हसत होते आणि आई बघत होत्या. संपेपर्यंत बघितलं त्यांनी. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान बोलतात." आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी मला खाण्याबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. सकाळी डबा करत नाहीत. म्हणजे स्वयंपाक करतात, पण माझं ताट वाढत नाहीत. मी काही विचारलं की म्हणतात, "तुला हवं ते खा बाई." बाई म्हणतात मला आता. आधी शरू म्हणायच्या.

तुषार म्हणाला, "देख, तेरी बुआ जीत गई." चेष्टेत म्हणाला. पण दोन दिवस बोलला नाही.

तो व्हिडिओ काढून टाकायला सांगता येईल का?

मी रविवारी बिट्टन मार्केटच्या हाटात जाऊन पपई खाल्ली. फळवाला म्हणाला, "दीदी, शक्कर है शक्कर, खाके देखो." दोन फोडी खाल्ल्या, उभ्या उभ्या. गोड होती. पण तू म्हणाली होतीस तसं काही वाटलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं.

माझी काळजी करू नकोस. मी सगळं खाते आहे.

शर्वरी


अमरावती
२७ ऑक्टोबर २०२४

शर्वरी,

तुझी ओढाताण मला समजते. पण खरं तेच लिहीन, नाहीतर तू मला ओळखणार नाहीस.

त्या व्हिडिओखाली साडेतीनशे बायकांनी लिहिलं आहे. एकीने लिहिलं, "माझ्या सासूला दाखवला, आज मला पपई कापून दिली." एका घरात एका बाईला वाईट वाटलं म्हणून साडेतीनशे घरांतला उजेड मी मालवू का? मी त्यांचं नाव घेतलेलं नाही. टोपी त्यांना बसली यात टोपीचा दोष नाही.

आणि त्या गप्प झाल्या म्हणून तू खचू नकोस. ज्यांच्याकडे युक्तिवाद नसतो त्यांचं अबोला हे शेवटचं हत्यार असतं. महिन्याभरात बोलतील. नातवंड हातात आलं की यादी आपोआप विसरतील.

तू सगळं खाते आहेस हे वाचून मला गड जिंकल्याचा आनंद झाला. माझी गुणी पोर. पुढच्या महिन्यात नागपूर, वर्धा आणि यवतमाळला हाच विषय घेऊन जाते आहे. पत्र यायला उशीर झाला तर समजून घे.

आत्या


मिसरोद, भोपाळ
८ डिसेंबर २०२४

श्रीमती अलकाताई यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. तुषारने तुम्हाला फोनवर कळवलं आहेच. २६ नोव्हेंबरला शर्वरीला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. दवाखान्यात नेईपर्यंत बाळ गेलं होतं. मुलगी होती. तुम्ही लगेच निघते म्हणालात आणि शर्वरीनेच नको म्हणून सांगितलं, याचा राग धरू नका. ती कुणालाच भेटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वार वेळेआधी सुटली. रक्त सहाच्याही खाली आलं होतं. त्या म्हणाल्या, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, पण रक्त इतकं कमी असायला नको होतं. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी पडत होती आणि मी बघत नव्हते. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमच्या भाषणानंतर ठरवलं होतं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि मी तिच्या ताटाकडे बघणं सोडलं. हा दोष माझा आहे, तो मी तुमच्यावर टाकत नाही. त्याच्याआधी जे तिला खाऊ दिलं नाही, तोही माझाच.

शर्वरी दिवसातून दहा वेळा एकच विचारते, "पपईने झालं का?" डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. तुषार नाही म्हणाला. तिला पटत नाही. तिला वाटतं, तिचं मन राखायला सगळे खोटं बोलतात. म्हणून मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितली नाही. तुषारलाही माहीत नाही. तुम्हाला सांगते, कारण ती यादी तुम्ही चारशे लोकांत वाचली आहे. ती कशाची होती हे तुम्हाला माहीत असावं.

चौऱ्याऐंशी साली आम्ही बरखेड्यात क्वार्टरमध्ये राहत होतो. हे कारखान्यात होते. मला सातवा महिना होता. माझ्या मोठ्या नणंदेचं घर स्टेशनच्या बाजूला होतं, त्यांनी माझं डोहाळजेवण हौसेने केलं. पपईच्या फोडी होत्या. अननसाचा शिरा, ताज्या वाटाण्याची उसळ, कढी, सांबारवडी, तिळाची चटणी, साखरभात. मी सगळं खाल्लं. मला फार भूक लागायची. तीन वेळा साखरभात घेतला तेव्हा नणंद म्हणाल्या, "वहिनी, आतमध्ये हत्ती आहे काय?" जेवून मी तिथेच राहिले, आणि पहाटेच्या आत तो गॅस आला.

आम्ही वाचलो. डोळे सुजले, छाती बरेच दिवस दुखली. आणि पाचव्या दिवशी माझं बाळ गेलं.

सासूबाईंनी विचारलं, काय काय खाल्लंस? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पपई बाधली. अलकाताई, घरात सगळ्यांना माहीत होतं की पपई बाधलेली नाही. पण तेव्हा इथे लोक बोलायचे की गॅसमधल्या बायकांना मुलं नीट होणार नाहीत. धाकट्या नणंदेचं लग्न ठरायचं होतं. म्हणून घरात ठरलं की आपलं माणूस तिथे नव्हतंच. मी त्या दिवशी बरखेड्यातच होते, जिथे गॅस पोचला नव्हता, आणि माझं बाळ पपईने गेलं, असं ठरलं. मीही तेच म्हणायला लागले. पुढे तुषारच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी त्या दिवशी जे जे खाल्लं होतं त्यातलं काहीही नऊ महिने तोंडात घातलं नाही. तुषार चांगला झाला.

तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला हे वेडेपण वाटेल. मलाही कळत होतं. पण हवा कशी टाळणार? वाटाणा टाळता येतो. मला काहीतरी टाळता यायला हवं होतं.

शर्वरीला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, पपई नाही गं, पपई तेव्हाही नव्हती. ते ऐकून ती पहिल्यांदा रडली. दहा दिवसांत रडली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आता तुम्ही लिहा. लहानपणापासून ती तुमचं ऐकत आली आहे. पण भाषण लिहू नका.

आणि एक मागते. माझी ही गोष्ट कुठे सांगू नका. तुम्हाला ती चांगल्या कामासाठी सांगावीशी वाटेल, माझी माफी मागण्यासाठीसुद्धा सांगावीशी वाटेल. तरीही नको. एकदा माझं ताट लोकांसमोर मांडून झालं आहे.

तुम्हाला मूल नाही म्हणून तुम्हाला कळणार नाही, असं मी त्या व्हिडिओच्या वेळी मनात म्हटलं होतं. ते माझं चुकलं. शर्वरी तुमचीच आहे.

आपली
शशिकला


अमरावती
१७ डिसेंबर २०२४

शर्वरी,

पपईने झालेलं नाही.

पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी कुणाचं बाळ जात नाही. हे मी ऑगस्टमध्ये जितक्या खात्रीने लिहिलं होतं तितक्याच खात्रीने आज लिहिते. तेव्हा मी बरोबर होते. पण ते बरोबर असणं काही कामाला आलं नाही.

तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. चार ऑगस्टच्या पत्रात लिहिलं आहेस, "मग उरतं काय? पोळी, दुधी, मुगाचं वरण. आणि चहा." एवढ्यावर बाई सात महिने राहिली तर काय होईल हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवत असे. मी त्या ओळीवरून पुढे गेले, कारण मला वाटाण्यावर बोलायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी सांगितलं, तू तसं लिहिलंस. किती कमी, पुन्हा कधी तपासणार, गोळ्या सोसतात का, यातलं मी काहीच विचारलं नाही. पपई खाल्लीस का, एवढं विचारलं. "मी सगळं खाते आहे" असं तू लिहिलंस आणि मी गड जिंकल्याचं लिहिलं.

शशिकलाबाईंना मी वेगळं लिहिलं आहे. व्हिडिओ काढून टाकायला लावला आहे, पण तो आता किती जणांच्या फोनमध्ये आहे ते मला माहीत नाही. बोललेलं परत घेता येत नाही, हे इतकी वर्षं बोलणाऱ्या बाईला माहीत असायला हवं होतं.

तू येऊ नकोस म्हणालीस, म्हणून मी येत नाही. पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी
आत्या


मिसरोद, भोपाळ
१९ जानेवारी २०२५

आत्या,

महिनाभर हे पत्र लिहायचं टाळलं. आज विनिता घरी आली होती, तिने शाळेतल्या माझ्या कपाटातलं सामान आणलं. त्यात बत्तीचे दोन डबे निघाले, एक भरलेला, एक अर्धा. विनिताने काही विचारलं नाही. आईंनी बघितलं आणि विचारलं. मी त्यांना सांगितलं, आता तुला सांगते.

विनिताला बहीण नाही.

मीच खात होते. आधी चार-पाच, शेवटी पंधरा-वीस. मुलं डबा खायला बाहेर गेली की मी वर्गात बसून खायचे. ती गार चव, दाताखाली तो आवाज, मला त्याशिवाय काही नकोच वाटायचं. डबा तसाच परत न्यायला नको म्हणून शाळेमागच्या गायीला घालायचे. लोहाच्या गोळ्यांनी पोट दुखायचं, दोन आठवड्यांत बंद केल्या. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की घेते आहे. सहाव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं, गेलेच नाही.

तू मला बरोबर उत्तर लिहिलं होतंस. लाज सोड, पेन्सिल सोड, रक्त तपासून घे. मी ते दहादा वाचलं. पण त्याच पत्रात खाली तू सभागृह कसं हसलं ते लिहिलं होतंस. मला वाटलं, मी खरं सांगितलं तर पुढच्या सभेत मीपण असेन. "जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईची भाची वर्गात बसून पेन्सिली खाते."

घरी सांगितलं असतं तर आईंना वाटलं असतं की त्यांच्या यादीमुळे झालं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की त्यांच्या यादीमुळेच झालं. दोन्हीकडे माझ्याबद्दल बोलणं झालंच नसतं.

मी तुला दोष देत नाही. मला तोंड होतं. मी तुझ्याच घरात वाढले, मला बोलता यायला हवं होतं.

आई आता गोळी हातात ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. दुसऱ्या कंपनीची आहे, पोट दुखत नाही. रक्त नऊवर आलंय. परवा त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?" मी सांगितलं. मग मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मला कुणी विचारलंच नव्हतं गं, ठरवायचं राहूनच गेलं.

तू इतक्यात येऊ नकोस. पण पत्र लिहीत जा. मला समजावू नकोस, तिथे काय चाललंय ते लिही.

शर्वरी


अमरावती
९ मार्च २०२५

शर्वरी,

समजावत नाही. इथे काय चाललंय ते लिहिते.

काल महिला दिनाला इथल्या एका सभागृहात बोलावलं होतं. मी आधी नाही म्हटलं, मग गेले. आहाराचाच विषय हवा होता त्यांना. मी साधं बोलले. रक्त किती असावं, कुठल्या महिन्यात तपासावं, गोळी चहाबरोबर घेऊ नये, पोटाला सोसली नाही तर बंद न करता डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. वीस मिनिटांत संपलं. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या दोघीजणी उठून गेल्या. आयोजक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, ती भोपाळची गोष्ट सांगा ना, लोक त्याच्यासाठी आलेत." मी म्हटलं, ती आता माझ्याकडे नाही.

प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उभी राहिली. बावीस-तेवीसची असेल, पाचवा-सहावा महिना. तिने विचारलं, "मॅडम, मग काय खाऊ नये?" माझ्याकडे तयार उत्तर होतं, तोंडावर आलंही होतं. मी तिला विचारलं, "तू काय खातेस?"

ती माइक हातात धरून उभी राहिली. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे. मग म्हणाली, "सगळं खाते."

शर्वरी, हे दोन शब्द मी आता ओळखते.

मी व्यासपीठावरून खाली उतरले. गुडघे दुखतात, वेळ लागला. लोकांना वाटलं मला बरं नाही. मी माइक बंद करायला सांगितला, तिच्या सासूबाईंना म्हटलं, मला दहा मिनिटं पोरीजवळ बसू द्या, आणि तिला घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आयोजकांनी घाईघाईने आभार मानले, चहा वाटायला सुरुवात झाली, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ ती पदराच्या टोकाशी खेळत होती. मी काही विचारलं नाही. मला फार जड गेलं ते.

मग ती बोलली. काय बोलली, ते मी तुलाही सांगणार नाही.

तुझी
आत्या